सागरतीरींचें घर

समुद्राकांठीं एखादें घर असावें, ही हौस कोणास नसते? परंतु इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचा घराचा शोध पाहिला म्हणजे आम्हांस निराळेंच कांहीं दिसतें. त्यांचा जन्म १९१३ सालीं लोस्टॉफ्ट येथें सागरासन्मुख घरांत झाला. ‘पीटर ग्राइम्स’ ही एका कोळ्याची संगीतिका मात्र त्यांनीं बहुतांशीं समुद्रापासून आंत, स्नेप गांवच्या जुन्या पवनचक्कींत रचिली; ती १९४५ सालीं रंगभूमीवर आली. पुढें १९४७ सालीं ऑल्डबरा येथें लाटांसमोरचें घर लाभलें. पण कीर्तीबरोबर खिडकींतून डोकावणारेही वाढले, आणि १९५७ सालीं ते किनारा सोडून गांवाच्या मागील बाजूस राहावयास गेले. तेथेंही विमानांचा कर्कश घोष पोहोंचला; तेव्हां १९७० मध्यें लेखनासाठीं आणखी आंत, हॉरहॅम या खेड्यांत त्यांनीं लहानसें घर घेतलें.

तात्पर्य, समुद्र त्यांच्या कानांत बाल्यापासून होताच. उणीव होती ती निःशब्दतेची. आपणां सर्वांस सागरतीर कोठून लाभणार? परंतु घरांतील सून वा मुलगी तंबोरा जुळवूं लागली म्हणजे माजघरांतील गलबला घटकाभर थांबविणें आपल्याच हातीं आहे. आमच्या घरीं तो अद्याप थांबत नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.