विश्लेषण : ‘जँगो’चे वेळापत्रक आधीच कसे ठरते? जुनी आवृत्ती वापरण्यात धोका काय?

‘जँगो’ या वेब फ्रेमवर्कच्या ४.२ आवृत्तीसाठी सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची मुदत एप्रिल २०२६ अशी ठरवण्यात आली. ही तारीख ऐनवेळी जाहीर झालेली नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये आवृत्ती आली, तेव्हाच ती ठरलेली होती. तरीही अशी मुदत अनेक संस्थांना अचानक आल्यासारखी वाटते. असे का होते?

जँगो म्हणजे काय?

वेबसाइट उभारताना लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी जोडणी ही कामे प्रत्येक वेळी नव्याने करावी लागू नयेत, यासाठी असलेला तयार सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. जँगो हे पायथॉन भाषेतील फ्रेमवर्क. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात २००३ पासून ते आकाराला आले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी मोफत खुले झाले. इन्स्टाग्रामही याच पायावर उभे राहिले. २००८ पासून ‘जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था त्याला आधार देते.

नवी आवृत्ती कधी येते?

पूर्वी एखादी मोठी सुविधा पूर्ण होईपर्यंत आवृत्ती रखडत असे. २०१५ मध्ये पद्धत बदलली. आता साधारण दर आठ महिन्यांनी, म्हणजे एप्रिल, ऑगस्ट किंवा डिसेंबरमध्ये नवी आवृत्ती येते. लोकल कुणा एका प्रवाशासाठी थांबत नाही, तसेच इथे आहे. वेळेत तयार न झालेली सुविधा पुढच्या आवृत्तीत जाते.

तयारी कशी होते?

५.२ आवृत्तीचे उदाहरण घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये ‘अल्फा’ आली आणि नव्या सुविधांचे दार बंद झाले. फेब्रुवारीत ‘बीटा’, मार्चमध्ये ‘रिलीज कँडिडेट’ आणि २ एप्रिलला अंतिम आवृत्ती आली. मधल्या काळात चाचण्या आणि दुरुस्त्या होतात. योगदान देणारे बहुसंख्य स्वयंसेवक असतात. रोजचे काम अडू नये म्हणून फाउंडेशन काही ‘फेलो’ना मानधन देते.

पाठबळ किती काळ?

साध्या आवृत्तीला एकूण सुमारे १६ महिने. मात्र ४.२, ५.२ अशा ‘.२’ने संपणाऱ्या आवृत्त्या दीर्घकालीन असतात. त्यांना किमान तीन वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. म्हणजे ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत. दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी येत असल्याने एकीवरून दुसरीवर जायला साधारण वर्षभराचा अवधी हाती राहतो. एखादी जुनी सोय काढायची असली, तरी आधी किमान दोन आवृत्त्यांमध्ये इशारा दिला जातो.

मुदत संपल्यावर काय होते?

वेबसाइट बंद पडत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. पुढे एखादी त्रुटी सापडली, तर चालू आवृत्त्यांसाठी दुरुस्ती येते आणि त्रुटीचा तपशील जाहीर होतो. तो हल्लेखोरही वाचतात. मुदत संपलेल्या आवृत्तीत तीच त्रुटी असेल, तर ती साइट उघडीच राहते. वरवर मात्र सारे सुरळीत दिसते.

मग अडते कुठे?

वेबसाइट बनवण्यासाठी एकदा पैसे मंजूर होतात. देखभालीसाठी तरतूद होतेच असे नाही. बनवणारी कंपनी काम संपवून गेलेली असते. आवृत्ती बदलायची तर सोबत जोडलेली इतर पॅकेजेसही तपासावी लागतात. दोन-तीन टप्पे वगळले की हेच काम अनेक पटींनी वाढते.

जँगोचे स्वयंसेवक आपले वेळापत्रक वर्षानुवर्षे पाळत आले आहेत. त्यामुळे साइट बनवून घेणाऱ्या बँकेने, महाविद्यालयाने किंवा सरकारी खात्याने करार करतानाच दोन गोष्टी लिहून घेणे शहाणपणाचे ठरेल : आवृत्तीची मुदत कधी संपते आणि ती बदलण्याचा खर्च कोण करणार.