फ्लेक्सवर माझं नाव टाकू नका

परवा रात्री साडेनऊला नानांचा फोन. "तुझा एक फोटो पाठव. पासपोर्टवाला नको, जरा बरा बघून. उद्या फ्लेक्स छापायला टाकतोय."

भावकीतल्या एका पोरीची राज्यसेवेतून निवड झालीये. एक फ्लेक्स इंदापूरच्या स्टँडजवळ, एक बारामतीत भिगवण रोडला. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी. मी म्हटलं, नाना, माझं नाव टाकू नका. तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर माझ्या नावानं जे चाललंय ते तुम्ही वाचलंच असेल. म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो. पोरगी गुणाची आहे, कष्टाची आहे. तिला मी स्वतः फोन करून अभिनंदन केलंय, आणि माझं भांडण तिच्याशी नाही. माझं भांडण आपल्याशी आहे.

आपल्याला अधिकाऱ्यांच्या आयुष्याचं भलतंच वेड. कोण कुठल्या वाडीतला, आई कुणाच्या रानात खुरपायला जायची, बारावीला किती पडले, लग्न कुणाशी झालं, सगळं तोंडपाठ. विश्वास नांगरे पाटलांचं पुस्तक, राजेश पाटलांचं 'ताई, मी कलेक्टर व्हयनू' आपल्याकडे घराघरात. २०२३ मध्ये मनोजकुमार शर्मांवरचा 'ट्वेल्थ फेल' आला, तोही बघून आपण रडलो. मीही रडलो, खोटं कशाला बोला! पण एक लक्षात आलं का? सिनेमाची गोष्ट निकालापाशी संपते. खरं तर नोकरी तिथून सुरू होते. माणूस खुर्चीत बसल्यावर काय करतो हे ऐकायला मात्र आपल्यापैकी कुणी थांबत नाही. आपला गुलाल उधळून झालेला असतो, जेसीबीतून पाकळ्या टाकून झालेल्या असतात.

आता दुसरी बाजू. यूपीएससीच्या २०२२ च्या परीक्षेला ११ लाखांवर अर्ज होते. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,७३,७३५. निवड झाली ९३३. म्हणजे सहाशेच्या वर पोरांमागे एक. त्याच ९३३ मध्ये ८२१ व्या क्रमांकावर पूजा खेडकर होत्या. पुण्यात प्रशिक्षणार्थी असताना खासगी गाडीवरच्या दिव्यावरून गाजल्या, मग प्रमाणपत्रांचा प्रश्न निघाला, ३१ जुलै २०२४ ला आयोगानं उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरात केंद्रानं सेवेतून काढलं. त्यांना आरोप मान्य नाहीत, खरंखोटं कोर्ट बघेल. माझा मुद्दा इतकाच की यादीत नाव आलं एवढ्यावर आपण माणसाला देव्हाऱ्यात बसवतो. यादी फक्त परीक्षेतले मार्क सांगते हो!

आणि उरलेले सहाशे? त्यातला एक माझा भाचा आहे.

बारामतीच्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन बसायचा, रात्री दहाला उठायचा. २०२० ची राज्यसेवा पूर्व पुन्हा पुन्हा पुढं गेली. मार्च २०२१ मध्ये पुण्यात पोरं शास्त्री रोडवर उतरली, तेव्हा कुठं २१ मार्चला ती झाली. त्या काळात हा घरी बसून भिंतीकडे बघायचा. आज एकतीस वर्षांचा आहे. खुल्या गटाला वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत बसता येतं, ही सवलत म्हणायची की सापळा, मला अजून ठरवता येत नाही. गेल्या वर्षी भावकीतल्याच एकाच्या सत्काराला त्याला हारांचं ताट धरून उभं केलं होतं. माइकवरून कुणीतरी म्हणालं, "आता पुढचा नंबर ह्याचा!" टाळ्या पडल्या. पोरगं हसलं. त्यानंतर तो एकाही कार्यक्रमाला आलेला नाही. लग्नालाही नाही, यात्रेलाही नाही. ताई म्हणते अभ्यास असतो. तुम्हाला पटतं?

तुम्ही म्हणाल, दहा पोरांना प्रेरणा मिळते. मिळते ना, आणि त्या दहांचं पुढं काय झालं ते मोजायला आपण जात नाही. शिवाय प्रेरणा कशाची? दिव्याच्या गाडीची की कामाची?

कामाचं एक सांगतो, आपल्याच घरातलं. आपली जुनी जमीन उजनीत गेली. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं, कडक उन्हाळ्यात देवळाचं शिखर तेवढं वर येतं. आजोबा कागदांसाठी कचेरीत किती वर्षं खेटे घालत होते ते थोरल्यांना विचारा. साहेब आले नि गेले, एकाचंही नाव घरात कुणाला आठवत नाही. शेवटी एका कारकुनानं जेवणाची सुट्टी सोडून, धुळीतले गठ्ठे उपसून आमचा फेरफार काढून दिला. आजोबा जाईपर्यंत त्याचं नाव काढायचे, दरवर्षी त्याच्याकडे हुरडा पोचवायचे. त्याची कुणी मिरवणूक काढली नाही.

बदल्यांचंही तेच. २००५ च्या कायद्यानं एका जागी साधारण तीन वर्षं मिळायला हवीत. त्याच वर्षीच्या तुकडीचे तुकाराम मुंढे, २०१४ ते २०१६ आपल्या शेजारच्या सोलापूरला कलेक्टर होते. वीस वर्षांत विसावर बदल्या. आपण हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा सांगतो. बदली झाली तेव्हा कुठलं काम अर्धवट राहिलं, असं कधी विचारलंय? मीपण नाही विचारलं.

असो. नाना, माझ्या वाटणीचे फ्लेक्सचे पैसे मी देतो, पण ते ठेवून द्या. आपली पोरगी एका तालुक्यात तीन वर्षं काढू दे. मग आपण दोघं एसटीनं तिकडं जाऊ, कचेरीबाहेरच्या टपरीवर चहा घेऊ आणि सातबारा घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारू, मॅडम कशा आहेत? ते बऱ्या म्हणाले, तर इंदापूरच्या स्टँडला वीस फुटी लावा. माझा फोटो मधोमध टाका, फेटा बांधून काढून देतो.

आणि ह्या रविवारच्या कार्यक्रमाला भाच्याला बोलावू नका. मी त्याला घेऊन भिगवणला मासे खायला जातोय.