शाळेपासून 2,500 फूट दूर, म्हणजे पुलाखाली

'असल्या माणसाला वस्तीत राहूच देऊ नका.' लहान मुलावरच्या अत्याचाराची बातमी आली की ही मागणी हमखास होते. अमेरिकेत राहणारे आपले लोक तर घर घेण्याआधी नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगारांचा नकाशा उघडून बघतात. ही भीती मला समजते. पण डॉक्टरला कुठल्याही उपायाबद्दल एक प्रश्न विचारावाच लागतो: याने आजार बरा होतो का? अमेरिकेत हा उपाय वीस वर्षं करून झाला आहे. माझं मत स्पष्ट आहे. तो निरुपयोगी आहे आणि वर अपायकारक आहे.

फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीने 2005 मध्ये नियम केला. मुलांवर लैंगिक गुन्हा केलेल्या माणसाने, शिक्षा भोगून सुटल्यावरही, शाळेपासून 2,500 फुटांच्या आत राहायचं नाही. म्हणजे साधारण पाऊण किलोमीटर. दाट वस्तीच्या शहरात प्रत्येक शाळेभोवती एवढं वर्तुळ काढून बघा, काय उरतं? उरला बिस्केन खाडीवरचा ज्युलिया टटल पूल. त्याच्याखाली तंबू आणि फळ्यांच्या खोपट्यांची वस्ती झाली. देखरेख करणारे सरकारी अधिकारीच सुटलेल्यांना तिथे पाठवत होते. पायातला जीपीएस पट्टा चार्ज करायला जनरेटर, संडासाची सोय नाही. 2010 मध्ये ती वस्ती उठवली. पुढे हायलियाजवळ रेल्वे रुळांच्या कडेला दुसरी झाली, ती 2018 मध्ये उठवली.

आणि बंदी कशावर? राहण्यावर. रात्री, शाळेला कुलूप असताना, हा माणूस जवळ झोपायला नको. दिवसा, मुलं बाहेर असताना, त्याच रस्त्याने चालायला हा नियम त्याला अडवत नाही!

मुळात निदानच चुकलं आहे. मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतला असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणीवाले, घरी येणारा-जाणारा. अमेरिकेतही हेच आणि आपल्याकडेही हेच. त्याला अंतराची पट्टी काय करणार? मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने 2007 मध्ये पुन्हा लैंगिक गुन्हा केलेल्या 224 जणांची प्रकरणं एकेक करून तपासली. राहण्याच्या बंदीमुळे टळला असता असा गुन्हा त्यात एकही सापडला नाही. आयोवात तर सरकारी वकिलांच्या संघटनेनेच 2006 मध्ये हा कायदा बदला म्हणून निवेदन काढलं, कारण माणसं पत्ता न देता गायब होऊ लागली होती. हे वकील काही गुन्हेगारांचे कैवारी नव्हेत.

आता माझ्या विषयाकडे येतो. रस्त्यावर राहणाऱ्या मधुमेह्याने इन्सुलिन कुठे ठेवायचं? स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या वेळेवर कोण देणार? दारू सोडवण्याचे उपचार, समुपदेशन, फेरतपासणी, सगळ्याला ठरलेला पत्ता लागतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये सॅन दिएगो काउंटीतल्या पॅरोलवरच्यांना सरसकट लावलेली 2,000 फुटांची बंदी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा हेच नोंदवलं. या बंदीने बेघरपणा खूप वाढला, औषधोपचार आणि व्यसनमुक्ती सेवा हाताबाहेर गेल्या, आणि पोलिसांची देखरेखही अवघड झाली. घर, काम आणि घरचं कुणीतरी विचारणारं माणूस यांनी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका कमी होतो. आपण तेच आधी काढून घेतो आणि मग म्हणतो, बघा, हे सुधारत नाहीत.

'डॉक्टर, स्वतःच्या नातवंडावर वेळ आली तर?' असं कुणी विचारेल. शिक्षा कडक व्हावी, शाळा आणि पाळणाघरात अशा माणसाला नोकरी कधीच मिळू नये, जो धोकादायक आहे त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. माझा विरोध यातल्या कशालाच नाही.

आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी 2018 पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना बघता येते. ती सगळ्यांना खुली करा, अशी मागणी अधूनमधून होते. माझा तिला विरोध आहे, कारण यादी खुली झाली की पुढचं पाऊल घराबाहेर काढण्याचंच असतं.

त्यापेक्षा घरातलं मूल अमुक काकांकडे जायला नको म्हणतंय, अचानक अंथरूण ओलं करतंय, लघवीच्या जागी दुखतंय म्हणतंय, तर त्याला रागावू नका. या लक्षणांना इतर कारणंही असतात, म्हणून आधी शांतपणे ऐका आणि तपासून घ्या. शंका असेल तर 1098 ही चाइल्डलाइन आहे, आणि पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं हे आपल्या सर्वांवर बंधनकारक आहे, आरोपी सख्खा मामा असला तरी.