ऐक्याला साक्षीदार कोण?

यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे वाटेत कळंब लागते, आणि चक्रावती नदीच्या काठी वसलेल्या या गावात चिंतामणी गणपतीचे दर्शन घ्यावयाचे तर टेकडी चढावी लागत नाही, पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जावे लागते. खाली कुंड आहे. त्या कुंडाचे पाणी काही वर्षांच्या अंतराने, गावकरी साधारण बारा वर्षे सांगतात, आपोआप वाढते, मूर्तीच्या चरणांना स्पर्श करते आणि पुढे ओसरून जाते, अशी येथील पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. भूगर्भातील झऱ्यांचा जाणकार त्याचे कारण सांगू शकेल आणि ते त्याने अवश्य सांगावे; माझा विषय निराळा आहे. पाण्याने देवाला गिळले असे येथे कोणी म्हणत नाही. पाणी पायांना लागले, एवढेच म्हणतात. मनुष्य परमेश्वराशी एकरूप होऊ शकतो काय, या पुरातन प्रश्नाचा विचार करताना मला हे पायांपाशी थांबणारे पाणी वारंवार आठवते.

कळंबला येणारे पुष्कळ भाविक अथर्वशीर्ष म्हणतात, परंतु त्यातील एका गोष्टीकडे म्हणणाऱ्याचेही लक्ष सहसा जात नाही. छांदोग्य उपनिषदात बारा वर्षे गुरुगृही राहून विद्येच्या अभिमानाने ताठ होऊन परतलेल्या श्वेतकेतूला त्याचा पिता उद्दालक पाण्यात मीठ विरघळवायला लावतो, ते वरून, मधून, तळातून चाखायला सांगतो, आणि ते परमतत्त्व तूच आहेस असा बोध करतो. तेच महावाक्य अथर्वशीर्षात येते. मात्र तेथे गुरू शिष्याला ते सांगत नाही, उपासक गणपतीला उद्देशून ते उच्चारतो. शब्द तेच राहिले आणि रोख बदलला. बापाने मुलाला जी पदवी दिली, ती भक्ताने आपल्याजवळ न ठेवता देवाच्या पायांवर वाहिली. या दोन उच्चारांमध्ये जी जागा आहे, तिच्यातच आपल्या संतांनी आयुष्ये काढली, असे मला वाटते.

आमच्या वऱ्हाड-विदर्भात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू फार जुन्या काळापासून नांदत आल्या आहेत. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’, परंपरेने शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मधला, मराठीत शांकर अद्वैताची मांडणी करतो. त्याच्या रचनास्थानाविषयी अंबेजोगाई आणि वैनगंगेच्या काठचे आंभोरे यांच्यात कज्जा आहे, आणि विदर्भातला माणूस आंभोऱ्याचा पक्ष सोडावयास तयार नसतो. दुसरीकडे अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर. तेथे गोविंदप्रभू राहिले, त्यांना गुरू मानणाऱ्या चक्रधरस्वामींचा पंथ तेथे वाढला, आणि म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ तेथेच सिद्ध केले. या महानुभाव पंथाचे म्हणणे अगदी स्वच्छ आहे: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून भिन्न आहेत, मुक्त झालेला जीव परमेश्वराचा आनंद भोगतो, पण परमेश्वर होत नाही. देवता निराळी आणि परमेश्वर निराळा, हा त्यांचा भेद कळंबच्या आख्यायिकेशी ताडून पाहण्यासारखा आहे. कारण येथे तप करून शापमुक्त झाला म्हणतात तो कोणी मर्त्य माणूस नव्हता, तो गौतमाच्या शापाने पीडलेला इंद्र होता. देवांच्या राजालाही जे मिळवावे लागते, ते केवळ सिंहासनाने मिळत नाही, एवढे तर त्या कथेवरून उघड आहे.

आता येथे एक गोष्ट अशी आहे की जिने माझ्या मनाला कित्येक वर्षे स्वस्थता दिली नाही. जीव आणि ब्रह्म एकच आहेत असे घोकणाऱ्या पंडितांनी आळंदीच्या ज्ञानेश्वरादी चार अनाथ भावंडांना, केवळ ती संन्याशाची मुले म्हणून, समाजाबाहेर ठेवले, आणि शुद्धिपत्र मिळविण्यासाठी त्यांना पैठणपर्यंत पायपीट करावयास लावली, असे परंपरा सांगते. बगदादमध्ये ९२२ साली मन्सूर अल्‌ हल्लाजला देहदंड झाला, तो आपणच सत्य आहोत या त्याच्या उद्गारासाठी जगाच्या स्मरणात राहिला. जर्मनीतल्या एकहार्टची काही वचने त्याच्या मृत्यूनंतर १३२९ मध्ये पोपने दूषित ठरविली. आमच्याकडे ऐक्याच्या सिद्धान्तासाठी कोणाला सुळावर चढविल्याचे आठवत नाही. सिद्धान्त पंडितांना मान्यच होता; तो आचरणात आणला की मात्र फिर्याद दाखल होत असे. आणि याच्या उलट, देव व जीव कायमचे भिन्न मानणाऱ्या चक्रधरांनी स्त्रियांना आणि शूद्रांना आपल्या मार्गात घेतले, जातीची सोवळी दूर सारली, आणि त्यांच्याच शिष्यपरिवारातील महदाइसा मराठीची आद्य कवयित्री ठरली. ज्यांनी देवाशी भेद मानला त्यांनी माणसामाणसांतला भेद कमी केला, आणि ज्यांनी देवाशी अभेद सांगितला त्यांच्यापैकी बहुतेकांनी माणसामाणसांतला भेद प्राणपणाने राखला. म्हणून तत्त्वज्ञानाच्या कोणत्या पक्षात कोणाचे नाव नोंदले आहे यावरून मी आता काही ठरवीत नाही.

नामदेवांची कथा येथे निर्णायक वाटते. ज्याच्याशी विठ्ठल बोलत होता, ज्याच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला अशी ख्याती होती, त्या नामदेवाला गोरोबाकाकांनी संतमंडळींत थापटण्याने पारखून कच्चे मडके ठरविले. अपमान जिव्हारी लागला. पुढे औंढ्या नागनाथाच्या देवळात शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर त्यांना भेटले, आणि पाय काढावयास सांगताच, देव जेथे नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी म्हटल्याचे सांगतात. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. या प्रसंगाचे मर्म लोक चमत्कारात शोधतात. मला ते नंतरच्या नामदेवांत दिसते: पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे, ती कोरडी जाईल म्हणून, तुपाची वाटी घेऊन धावणारा नामदेव आणि मंगळवेढ्याला कोसळलेल्या गावकुसाखाली गाडल्या गेलेल्या चोखोबांच्या अस्थी पंढरपूरला नेऊन महाद्वारी त्यांची समाधी बांधणारा नामदेव. देवाशी लडिवाळपणे बोलणाऱ्या पहिल्या नामदेवापेक्षा हा दुसरा मला परमेश्वराच्या अधिक निकटचा वाटतो.

तरीही आचरणावर सर्व भिस्त ठेवून भक्तीचा गोडवा बाजूला सारणे हा अन्याय होईल, आणि तो मला करावयाचा नाही. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळीला १८८१ मध्ये एका कुणबी घरात जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गमावलेले आणि माधान येथे वाढलेले गुलाबराव महाराज यांनी शंभराच्या वर लहानमोठे ग्रंथ लिहवून घेतले आणि १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, पुण्यात देह ठेवला. ते ज्ञानेश्वरांना पिता आणि श्रीकृष्णाला पती मानीत. अद्वैत त्यांना पूर्ण मान्य होते. आणि तरी प्रियकर निराळा राहिल्यावाचून प्रेमाचा रस चाखता येत नाही, हेही त्यांना तितकेच मान्य होते. या दोहोंचा मेळ त्यांनी मधुराद्वैत म्हणून घातला. ऐक्य झाल्यावरही नमस्कार शिल्लक राहतो, किंबहुना खरा नमस्कार तेव्हाच होतो, असे मी त्यांच्याकडून समजलो. पाणी चरणांपर्यंत येऊन थांबते, त्याचा अर्थ ते दुबळे पडले असा नव्हे.

तेव्हा मनुष्य परमेश्वराशी एक होऊ शकतो, असे माझे मत आहे, आणि ते मी आडपडदा न ठेवता मांडतो. परंतु या मामल्यात वादीला स्वतःची साक्ष देता येत नाही. जो स्वमुखाने आपले देवत्व जाहीर करतो, उच्चासनावर बसून पाद्यपूजा घेतो आणि दुःखी माणसाच्या अगतिकतेवर दक्षिणा वसूल करतो, त्याचा दावा खर्चासह फेटाळला पाहिजे. अघोरी प्रथांविरुद्धचा २०१३ चा कायदा अशांपैकी काहींपर्यंतच पोहोचतो, बाकीच्यांसाठी आपला विवेक जागा असावा लागतो. साक्ष द्यावयाची ती भोवतालच्यांनी, आणि तीही ज्यांना दाराबाहेर ठेवले गेले त्यांनी.

ते दार उघडायलाच किती काळ लागला पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून ज्या वर्ध्याशी कळंब रेल्वेने जोडले गेले आहे, त्या वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुले केले. ‘विवेकसिंधु’पासून तेथवर सातशे चाळीस वर्षे गेली. पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, म्हणजे आणखी एकोणीस वर्षे.

आणि हिशेब अजून पुरा झालेला नाही. यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली ज्या घरांतला कर्ता पुरुष स्वतःच्या हाताने गेला, त्या घरांतली स्त्री शेत कसते, मुले शिकविते, सावकाराला आणि बँकेला तोंड देते. आणि हळदीकुंकवाला व मंगलकार्याला तिला पुष्कळ ठिकाणी अजून बोलावीत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनाने त्याचा कित्ता गिरविण्याचे आवाहन इतर गावांना केले. ठराव कागदावर होतात, ताट मात्र कोणीतरी पुढे करावे लागते. येत्या माघी यात्रेला कळंबला जाल तेव्हा आपल्या आळीतील अशा एका बहिणीला बरोबर न्या, पायऱ्या उतरताना तिला पुढे चालू द्या आणि पूजेचे ताट तिच्या हाती द्या.