साधनाचे वर्णन संदिग्ध असेल, तर एआय एजंट चुकणारच

कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आजवर प्रामुख्याने प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या चॅटबॉटभोवती फिरत होती. आता तिचा रोख 'एजंट'कडे वळला आहे. एजंट म्हणजे केवळ उत्तर देऊन न थांबता अर्ज भरणारी, तिकीट काढणारी, नोंदी शोधून आणणारी प्रणाली. मात्र ही कामे एजंट एकट्याच्या बळावर करत नाही. त्यासाठी तो अन्य सॉफ्टवेअर साधने वापरतो. कोणते साधन केव्हा वापरावे आणि त्याला कोणती माहिती पुरवावी, हे तो त्या साधनासोबत लिहून दिलेल्या वर्णनावरून ठरवतो. त्यामुळे पूर्वी सर्वांत शेवटी, घाईघाईने उरकल्या जाणाऱ्या या चार ओळींना अचानक मोठे महत्त्व आले आहे.

जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेलना बाहेरची साधने वापरण्याची सोय दिली. साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला लागणारी माहिती एवढे लिहून द्यायचे, अशी ती पद्धत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हे खुले मानक जाहीर केले. पाठोपाठ प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही ते स्वीकारले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील संस्थेकडे सोपवण्यात आले. साधने जोडण्याचा तांत्रिक प्रश्न अशा रीतीने बराचसा मार्गी लागला. ती साधने नेमकी काय करतात हे स्पष्ट सांगण्याचा प्रश्न मात्र कोणत्याही मानकाने सुटणारा नाही. तो लिहिणाऱ्याच्या भाषेचा प्रश्न आहे.

अपुरे माहितीपत्रक हाती आले, तरी माणूस निभावून नेतो. तो शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो, एकदा करून पाहतो, शंका आल्यास थांबतो. एजंट अनेकदा मोकळी जागा अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. '०३-०४-२०२६' ही तारीख भारतीय माणसाला ३ एप्रिल वाटते, तर अमेरिकी पद्धतीने ती ४ मार्च होते. 'अर्ज रद्द करणे' या साधनाने अर्ज केवळ मागे घेतला जातो की नोंदच कायमची पुसली जाते, हे लिहिलेले नसेल, तर एजंटला ते कळण्याचा मार्ग नाही. एक साधन 'ग्राहकाची माहिती' देते आणि दुसरे 'ग्राहकाचा तपशील', असे वर्णन असेल, तर निवड नशिबावर सोडल्यासारखी होते.

हा विषय बेंगळुरूच्या कंपन्यांपुरता आहे असे समजून गोव्याने स्वस्थ बसणे परवडणारे नाही. आपल्याकडे एकाच जागेची दोन-दोन नावे रूढ आहेत. रेल्वे स्थानकावर 'मडगाव', तर सरकारी इंग्रजी कागदावर 'मारगाव'. मराठीत 'सासष्टी', तर इंग्रजी नोंदीत 'सालसेत'. आणि त्याच नावाचे बेट मुंबईतही आहे. जमिनीचा उतारा महाराष्ट्रात सात-बारा, तर गोव्यात एक-चौदा. 'जमिनीचा उतारा मिळवते' एवढेच वर्णन असलेले साधन उद्या एजंटच्या हाती पडले, तर सर्व्हे क्रमांकासोबत उपविभाग क्रमांक लागतो की नाही, गावाचे नाव कोणत्या वर्णलेखनात द्यायचे, नोंद न सापडल्यास काय उत्तर मिळेल, हे त्याने कसे ओळखावे? जमीन बळकावण्याच्या प्रकरणांच्या चौकशीसाठी ज्या राज्याला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले, तेथे चुकीच्या उताऱ्याची किंमत वेगळी सांगायला नको. परदेशी राहून वडिलोपार्जित घरावर ऑनलाइन लक्ष ठेवणाऱ्या गोमंतकीयाला तर ती चूक कळायलाही उशीर होईल.

चांगल्या वर्णनात काय असावे, हे सांगणे अवघड नाही. साधन काय करते आणि काय करत नाही, ते केव्हा वापरू नये, प्रत्येक रकाना कोणत्या स्वरूपात भरायचा, एक-दोन खरी उदाहरणे आणि चूक झाल्यास पुढे काय करावे याचा बोध करून देणारा संदेश. 'त्रुटी आली' या संदेशाने कोणाचेच भले होत नाही. 'उपविभाग क्रमांक दिलेला नाही' या संदेशाने एजंटही सावरतो आणि माणूसही.

अर्थात, स्पष्ट वर्णन म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. एजंट वर्णनावर विसंबतो, म्हणूनच लबाड हेतूने लिहिलेले वर्णन त्याला भलत्या वाटेला नेऊ शकते. उपरोक्त प्रोटोकॉलमध्ये 'हे साधन केवळ वाचते' किंवा 'हे साधन नोंद नष्ट करू शकते' अशा खुणा करण्याची सोय आहे. पण विश्वासार्ह स्रोताकडून न आलेल्या खुणांवर भरवसा ठेवू नये, असेही तेच मानक बजावते. त्यामुळे नोंद बदलण्याचा अधिकार कोणाला, अंतिम मंजुरी कोणाची, याची कुलपे मूळ प्रणालीतच हवीत. वर्णन वाट दाखवते, पहारा देत नाही.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये खुल्या एपीआयचे धोरण आखले, तेव्हा एक संगणक प्रणाली दुसरीशी बोलेल हा विचार होता. आता त्या संवादात अंदाज बांधणारा मध्यस्थ आला आहे. राज्य सरकारने नव्या पोर्टलच्या निविदेतच साधनांची वर्णने हा स्वतंत्र आणि तपासला जाणारा भाग ठरवावा. ती लिहिताना प्रोग्रामरच्या शेजारी मामलेदार कार्यालयातील जाणता कारकून बसलेला असावा, कारण कोणत्या रकान्यात लोक काय चुकीचे भरतात हे त्यालाच ठाऊक असते. प्रणाली बदलली की वर्णनही त्याच दिवशी बदलले पाहिजे. जुने वर्णन हे नसलेल्या वर्णनापेक्षा अधिक घातक असते.

एवढे झाले, तर एजंट येवोत वा न येवोत, लाभ होणारच आहे. आज खिडकीपाशी उभा राहून कोणता रकाना कसा भरायचा हे विचारणाऱ्या नागरिकालाही हीच माहिती हवी आहे. यंत्रासाठी ती लिहिण्याची वेळ आलीच आहे, तर ती त्याच्याही हाती पडेल अशा भाषेत लिहिली जावी.