दुर्बीण घेताना ‘किती पट?’ विचारू नका

दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं दिसलं की मला संताप येतो. फोकल रेशो, म्हणजे नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास, कुणी समजावून सांगतच नाही. माझ्या गच्चीवरच्या ८ इंची दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास एफ/६. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर गुरू पडतो जेमतेम पाव मिलिमीटरचा! नाभीय अंतर दुप्पट करणारं बार्लो भिंग लावलं की एफ/१२. गुरू अर्ध्या मिलिमीटरचा होतो, पट्ट्यांच्या कडा सुट्या दिसू लागतात. त्यापुढे ताणत गेलं तर प्रकाश पसरून चित्र अंधूक होतं. तपशील ठरतो आरशाच्या व्यासावर आणि त्या रात्रीची हवा किती स्थिर आहे यावर. मुलांसाठी दुर्बीण घेणाऱ्या पालकांनी आधी व्यास विचारावा, मग फोकल रेशो. आणि विक्रेत्यांनी हे दोन्ही आकडे खोक्यावर ठळक छापावेत.