सरळ केसांचा वांकडा व्यापार

दाट, राठ केस म्हणजे जणूं एक रोगच, आणि बाटलींतील ‘केराटिन’ हें त्यावरील पोषक औषध, असा भ्रम आजचा बाजार पसरवीत आहे. पूर्व आशियांतील लोकांचे केस युरोपीयांच्या केसांहून सामान्यतः जाड असतात. पण जाडी हा दोष नव्हे, निसर्गधर्म आहे. केस मुळांत केराटिनचाच असतो, व त्याचा आकार त्यांतील गंधकाचे बंध धरून ठेवतात. राठ केस कायमचा सरळ करावयाचा तर थायोग्लायकोलेटासारख्या द्रव्यानें ते बंध तोडून नव्यानें जोडावे लागतात. ही मोडतोड आहे. हिला पोषण कोण म्हणेल? कित्येक ‘केराटिन’ उपचारांत तर खरें काम फॉर्मॅल्डिहाइड करतें. त्यास आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालींच कर्कजनक ठरविलें. त्याच्या जागीं आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लानें मूत्रपिंडास इजा झाल्याचें उदाहरण २०२४ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें आहे.

केस कोणीं सरळ करूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ‘पोषण’ हा शब्द ज्या ठळक अक्षरांत छापतां, त्याच अक्षरांत आंतील द्रव्याचें नांवही छापा! तें लपवून चालणाऱ्या विक्रीस व्यापार म्हणावें कीं वंचना, हें सुज्ञ वाचकांनींच ठरवावें.